छोट्या विमानतळावर जाताना-येताना: आधी रस्ता, मग तिकीट

रात्री पावणेअकराला आमचं विमान उतरलं. पंचवीस मिनिटं उशीर, म्हणजे तसा काहीच नाही. बॅग पट्ट्यावर यायला आणखी पंधरा मिनिटं गेली. तोंडावर पाणी मारून निवांत बाहेर आलो, तर समोर रिकामा रस्ता. टॅक्सीच्या जागी आखलेले पिवळे पट्टे तेवढे होते, टॅक्सी एकही नव्हती. बसथांब्यावर काचेआड लावलेल्या कागदावर शेवटची बस २२.५५ ची होती आणि घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. मागे वळून पाहिलं, तर आतले दिवे एकेक करून मालवले जात होते. किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलेला पहारेकरी म्हणाला, "आता पहाटे साडेचारला उघडणार." शेवटी त्याच्याच ओळखीच्या एका गाडीवाल्याला झोपेतून उठवलं. विमानाच्या तिकिटाला दिले त्यापेक्षा जास्त पैसे त्या चाळीस किलोमीटरांना मोजले.

चूक माझीच होती. मला सवय मोठ्या विमानतळांची. तिथं रात्री-बेरात्री कधीही उतरा, शहरात जायला काही ना काही मिळतंच. छोटा विमानतळ मात्र विमानापुरता जागा असतो. विमान यायच्या तास-दोन तास आधी दिवे लागतात, काउंटर उघडतात, दोन-चार गाड्या येऊन उभ्या राहतात. विमान गेलं की सगळे आपापल्या घरी. त्यानंतर अशा बऱ्याच विमानतळांवर गेलो-आलो, थोडे धडे मिळाले. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी ते क्रमाने लिहून ठेवतो.

१. विमानतळ नक्की कुठे आहे ते बघा, नावावर जाऊ नका

विमानतळाच्या नावात शहराचं नाव असलं म्हणजे तो त्या शहरात असतोच असं नाही. जर्मनीतला फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पॅरिससाठी स्वस्त तिकीट म्हणून जो बोवे विमानतळ दाखवला जातो, तो पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ८५ किलोमीटरवर. स्टॉकहोमचा म्हणून विकला जाणारा स्काव्स्टा सुमारे शंभर किलोमीटर लांब, दुसऱ्याच एका गावाजवळ आहे. बार्सिलोनाऐवजी जिरोना घेतलात तर नव्वदेक किलोमीटर रस्ता वाढला. स्वस्त विमान कंपन्या असे विमानतळ मुद्दाम निवडतात, कारण तिथं विमान उतरवण्याचा खर्च कमी येतो. त्यात गैर काही नाही. फक्त वाचलेल्या पैशातला बराच हिस्सा पुढे बसला आणि टॅक्सीला जाणार, हे आधी माहीत हवं.

एकाच ठिकाणाला दोन विमानतळ असले तर आणखी घोळ. गोव्यात उत्तरेला मोपा आणि दक्षिणेला दाबोळी, मधला रस्ता दीड तासाच्या आसपास. मोपाहून प्रवासी विमानं जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गोव्याला जाऊन आलेली माणसं अजून सवयीने 'गोवा एअरपोर्ट' एवढंच बोलतात आणि घ्यायला येणारा भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघायची सवय लावून घ्या. मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा एसजेसी आणि कोस्टा रिकातल्या सॅन होजेचा एसजेओ, एका अक्षराचा फरक आणि मध्ये हजारो किलोमीटर. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीला जाऊन उतरल्याच्या बातम्या एकाहून जास्त वेळा आल्या आहेत. हसू येतं खरं, पण बुकिंगच्या पानावर दोन्ही नावं अगदी सारखीच दिसतात. कोड मात्र वेगळे असतात.

मग नकाशा उघडा. इथं एक बारीक सापळा आहे. नकाशावर विमानतळाची खूण कधी कधी धावपट्टीच्या मधोमध असते आणि फोन तुम्हाला जवळच्या कुठल्याही रस्त्याने, म्हणजे मालवाहतुकीच्या फाटकाशी किंवा मागच्या कुंपणाशी नेऊन सोडतो. समोर विमानं दिसताहेत, पण आत जायला दार नाही. वळसा घालून पुढच्या बाजूला यायला वीस मिनिटं सहज जातात. म्हणून विमानतळाचं नाव टाकून थांबू नका, 'टर्मिनल' किंवा 'डिपार्चर्स' असं शोधा आणि उपग्रहाच्या चित्रात इमारत, वाहनतळ आणि बसथांबा दिसतोय ना ते एकदा डोळ्यांनी बघा.

बरेच छोटे विमानतळ हवाई दलाच्या किंवा नौदलाच्या तळावर आहेत. तिथं बाहेरच्या फाटकावर ओळखपत्र तपासलं जाऊ शकतं आणि फोटो काढायला मनाई असते. विमानाच्या खिडकीतूनही काढू नका.

२. तिकीट काढायच्या आधी शेवटची बस शोधा

मी आता तिकिटाचे पैसे भरण्याआधी दुसऱ्या खिडकीत विमानतळाच्या बसचं वेळापत्रक उघडून ठेवतो. बघायच्या गोष्टी अशा: पहिली बस किती वाजता, शेवटची किती वाजता, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काय, आणि बस ठरलेल्या वेळी सुटते की विमान आल्यावर सुटते. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. काही ठिकाणी बस विमानाशी जोडलेली असते. विमान तासभर उशिरा आलं तरी बस थांबते. काही ठिकाणी चालकाला विमानाशी काही देणंघेणं नसतं, वेळ झाली की तो निघतो. वेळापत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बस कंपनीला ईमेल करून विचारा. मला एकदा दोन ओळींचं उत्तर आलं होतं आणि त्यावरून मी संध्याकाळचं विमान सोडून दुपारचं घेतलं.

शेवटची बस आणि विमान उतरण्याची वेळ यांत किती अंतर हवं? माझा हिशेब असा. बॅग सामानात दिली नसेल तर एक तास, दिली असेल तर दीड तास. परदेशातून येत असाल आणि पासपोर्टची रांग असेल तर दोन तास. यापेक्षा कमी उरत असेल तर शेवटची बस नाहीच असं समजून पुढचं ठरवा.

वेळापत्रक जुनं तर नाही ना, तेही बघा. जगभर विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. विमानाशी जोडलेल्या बसच्या वेळाही त्याबरोबर सरकतात. फेब्रुवारीत बघून ठेवलेली वेळ एप्रिलमध्ये लागू असेलच असं नाही. निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

आता मध्यरात्रीचा सापळा. तिकिटावर '१२ तारीख, ००.१०' असं लिहिलंय. याचा अर्थ ११ तारखेची रात्र. जेवणखाण आटोपून ११ तारखेलाच विमानतळाकडे निघायचं आहे. चांगली शिकलेली माणसं यात चुकून १२ च्या रात्री जाऊन उभी राहतात, तेव्हा त्यांचं विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची स्थानिक वेळ असते, तुमच्या घरच्या घड्याळाची नाही.

३. घरातून निघायची वेळ उलटी मोजा

समजा विमान सकाळी ६.२० ला आहे. कंपनीचा चेक-इन काउंटर ४५ मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे ५.३५. (ही वेळ सहसा ४० ते ६० मिनिटं असते. तुमच्या तिकिटावर काय आहे तेच धरा.) रांगेसाठी पाऊण तास धरला तर ४.५० ला दारात पोहोचायला हवं. रस्ता पन्नास मिनिटांचा, त्यात टायर पंक्चर होण्याएवढी म्हणजे अर्ध्या तासाची सूट ठेवा. म्हणजे ३.३० ला गाडी निघाली पाहिजे. आणि पहिली बस ५.१० ची! म्हणजे बस बाद. ही आकडेमोड तिकीट काढतानाच केली तर कळतं की या स्वस्त तिकिटाला पहाटेची टॅक्सी किंवा विमानतळाजवळची एक रात्र चिकटलेली आहे. दहाचं थोडं महाग तिकीट बऱ्याचदा एकंदरीत स्वस्त पडतं.

रस्त्याला लागणारा वेळ आत्ताच्या वाहतुकीवरून ठरवू नका. नकाशाच्या ॲपमध्ये निघायची किंवा पोहोचायची वेळ टाकता येते. ज्या वाराला, ज्या वेळेला जायचंय ती टाकून बघा.

"विमानतळ छोटा आहे, रांग नसते, अर्धा तास आधी गेलं तरी चालतं," असं सांगणारे भेटतील. रांग छोटी असते हे खरं. पण सुरक्षा तपासणीचं यंत्र एकच असतं, आणि दोन विमानं लागोपाठ असतील तर ती एकुलती रांग दारापर्यंत येते. उलट फार लवकर जाण्यातही अर्थ नाही. काही ठिकाणी विमानाच्या दोन तास आधीपर्यंत इमारतीला कुलूप असतं. पहाटेच्या विमानासाठी रात्रीच जाऊन बाकड्यावर झोपू, असा बेत असेल तर इमारत रात्रभर उघडी असते का, हे आधी नक्की करा.

आणखी एक. फोनवर 'विमान ५० मिनिटं उशिरा' असा निरोप आला तरी घरातून पन्नास मिनिटं उशिरा निघू नका. काउंटर बऱ्याचदा मूळ वेळेलाच बंद होतो, आणि उशीर भरून निघाला तर विमानही मूळ वेळेलाच सुटतं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तुमच्यासाठी येणारं विमान कुठे आहे ते दिसतं. छोट्या विमानतळावर तेच विमान येतं, माणसं उतरवतं आणि अर्ध्या-पाऊण तासात परत जातं, त्यामुळे अंदाज चांगला येतो. तो अंदाज मनाच्या तयारीसाठी ठेवा. घरातून निघायची वेळ तीच.

४. वाहन कोणतं घ्यायचं

बस असेल आणि वेळ जुळत असेल तर बसच. चालकाला पैसे रोख चालतात की कार्ड की आधी ॲपवर तिकीट काढावं लागतं, तेवढं बघून ठेवा. काही ठिकाणी रेल्वेगाडी किंवा मेट्रो थेट विमानतळात येत नाही. नॉर्वेतल्या टॉर्पसारख्या ठिकाणी आधी शटल बसने रेल्वे स्थानकावर जायचं आणि तिथून गाडी पकडायची. अशा वेळी वेळापत्रकं दोन असतात, आणि पहिलं चुकलं की दुसरं आपोआप चुकतं. 'विमानतळाजवळचं स्थानक' या शब्दांवरही विसंबू नका. ते अंतर सामान ओढत चालण्यासारखं आहे का, पदपथ आहे का की थेट महामार्ग, हे नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंत दिसतं.

टॅक्सीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवखा माणूस जास्त फसतो तो इथेच. ॲपवरची टॅक्सी शहरात मिळते म्हणून विमानतळावरही मिळेल असं धरून चालू नका. चालकाला रिकामी गाडी घेऊन तीस-चाळीस किलोमीटर यायचं नसतं. बुकिंग होतं, दहा मिनिटं गाडी जागची हलत नाही, मग रद्द. जाताना तर हा धोका जास्त, कारण पहाटे साडेतीनला दुसरी गाडी शोधायला वेळ नसतो. म्हणून पहाटेच्या विमानासाठी ॲपवर विसंबून राहू नका, आदल्या दिवशी माणसाशी बोलून गाडी ठरवा. हॉटेलवाल्याला विचारलं की नंबर मिळतो. ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: एकूण भाडं किती, त्यात टोल आणि पार्किंग धरलंय का, रात्रीचं वेगळं भाडं आहे का, आणि विमान उशिरा आलं तर थांबण्याचे किती. ठरलं की तेच सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याचं 'हो' घ्या. तोंडी बोलण्यात 'टोल वेगळा' हे दोन शब्द नेहमी उतरताना आठवतात.

उतरल्यावर बाहेर टॅक्सी असतात, पण मोजक्याच. इथं विमानाचा आकार बघायचा. १८० जागांचं विमान आलं आणि बाहेर बारा गाड्या असल्या, तर तुमची स्पर्धा तुमच्याच सहप्रवाशांशी आहे. छोट्या मार्गांवर बहुतेक एटीआर ७२ असतं, सत्तरेक जागांचं, पंख्यांचं. त्यात प्रवासी चढतात-उतरतात ते मागच्या दाराने. म्हणजे पुढची जागा पैसे देऊन घेणारा सगळ्यात शेवटी उतरतो! लवकर बाहेर पडायचं असेल तर या विमानात मागची रांग घ्या. बोर्डिंग पासवरचा अठरावा नंबर बघून मी पहिल्यांदा कुरकुरलो होतो, आणि बसमध्ये पहिला जाऊन बसलो होतो. याच विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकांची हातातली बॅगसुद्धा कधी कधी दाराशी काढून घेतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर आधीच छोट्या पिशवीत काढून ठेवा.

भाड्याची गाडी स्वतः चालवणार असाल तर काउंटर किती वाजता बंद होतो ते विचारा आणि बुकिंग करताना विमानाचा क्रमांक द्या, म्हणजे विमान उशिरा आलं तर त्यांना कळतं. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, सोबत्याचं बहुतेक ठिकाणी चालत नाही. परदेशात आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागत असेल तर तो ज्या देशाचं लायसन्स आहे तिथूनच आधी काढून न्यावा लागतो, पोहोचल्यावर मिळत नाही. गाडी हातात आली की चारी बाजूंनी, चाकांसकट, व्हिडिओ काढा. परत देताना पेट्रोल भरून द्यायचं असतं आणि विमानतळाशेजारी पंप असेलच असं नाही. येतानाच रस्त्यात शेवटचा पंप कुठे आहे, रात्री उघडा असतो का, हे बघून ठेवा.

कुणी घ्यायला येणार असेल तर त्यांना उतरण्याची वेळ सांगू नका. विमानाचा क्रमांक सांगा. बाकी ते बघून घेतात.

५. जवळ काय काय हवं

- तिकिटावर आहे अगदी त्याच नावाचं ओळखपत्र. परदेशी जाताना पासपोर्ट आणि व्हिसा
- बोर्डिंग पास, फोनमध्ये आणि कागदावरही. काही स्वस्त कंपन्या काउंटरवर छापून देण्याचे वेगळे पैसे घेतात
- बसच्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट, जायचं आणि यायचं दोन्ही
- राहण्याच्या जागेचा पत्ता आणि फोन, तिथल्या स्थानिक लिपीत लिहिलेला
- त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून, इंटरनेटशिवाय चालेल असा
- दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर. एकाने उचलला नाही तर दुसरा
- स्थानिक चलनातली थोडी रोकड, सुट्टे पैसे धरून
- भरलेली पॉवर बँक. ती हातातल्या सामानातच ठेवायची, सामानात दिलेल्या बॅगेत चालत नाही

रोकड का, असं विचाराल. छोट्या विमानतळावर एटीएम असलं तर एक असतं, आणि ते नेमकं बंद असतं. चलन बदलून देणारी खिडकी शेवटच्या विमानाआधीच मिटलेली असते.

फुकट वाय-फायवरही विसंबू नका. तो सुरू करायला फोनवर ओटीपी यावा लागतो आणि तुमचं सिमकार्ड तिथं चालत नसेल तर ओटीपी येणार कुठून? टॅक्सीचं ॲप उघडायला इंटरनेट हवं, इंटरनेटला ओटीपी हवा, ओटीपीला सिम हवं. या चक्रात मी पाऊण तास काढलाय. निघण्याआधीच रोमिंग किंवा ई-सिमचं बघा.

६. उतरल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

विमान थांबलं की फोन सुरू करून आधी टॅक्सीवाल्याला किंवा घ्यायला येणाऱ्याला मेसेज करा, घरच्यांना नंतर. इमारतीत शिरल्यावर स्वच्छतागृह, फोन कॉल, सेल्फी हे सगळं बाहेरची सोय बघून झाल्यावर. दोघं असाल तर एकाने पट्ट्याशी बॅगेसाठी थांबायचं आणि दुसऱ्याने बाहेर जाऊन बस किंवा टॅक्सी धरायची. फक्त आधी विचारा, कारण बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. बाहेर जाणाऱ्याकडे पैसे आणि पत्ता हवा. आमच्याकडे एकदा दोन्ही आत राहिले होते.

दारात 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत अंगावर येणाऱ्यांपेक्षा आखलेल्या रांगेतली किंवा प्रीपेड खिडकीवरची गाडी बरी. गाडीत बसण्याआधी मीटर की ठरलेलं भाडं, एवढं एकच वाक्य बोला. गाडी सुरू झाल्यावर बोलण्यात काही राम नाही. टॅक्सी एकच उरली असेल तर मागच्या माणसाला विचारा, "शहरात चाललात का?" छोट्या विमानतळावर सगळे जवळपास एकाच दिशेला चाललेले असतात, आणि भाडं निम्मं होतं.

निघताना थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. इंटरनेटवरचं आणि खांबावरचं यांत फरक असेल तर खांबावरचं खरं धरा. परतीच्या बसला शहरात कुठून बसायचं, तेही चालकाला आत्ताच विचारा. जिथं उतरलात तिथूनच ती सुटते असं नाही.

७. विमान भलत्याच ठिकाणी उतरलं तर

छोट्या विमानतळांवर हे जास्त होतं, आणि त्यामागे कारण आहे. धुक्यात किंवा ढगांत वैमानिकाला धावपट्टीशी रेषेत आणणारी रेडिओ यंत्रणा मोठ्या विमानतळांवर उच्च दर्जाची असते. छोट्या ठिकाणी ती साध्या दर्जाची असते, किंवा नसतेच. साध्या दर्जाची असली तरी जमिनीपासून २०० फुटांवर येईपर्यंत वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावे लागतात, आणि धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंत दिसत असावं लागतं. तेवढं दिसलं नाही की तो पुन्हा वर जातो, एक-दोनदा बघतो आणि दुसरीकडे वळतो. मदेइरा बेटावरच्या फुंशालमध्ये हेच वाऱ्यामुळे होतं. स्कॉटलंडमधल्या 'बारा' नावाच्या बेटावर तर विमानं समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उतरतात, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं.

नेपाळमधल्या लुक्लाला जाणाऱ्यांसाठी वेगळीच गंमत आहे. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, आणि रामेछाप काठमांडूहून रस्त्याने चार-पाच तासांवर. सकाळचं विमान गाठायला मध्यरात्रीनंतर लगेच निघावं लागतं. 'काठमांडू ते लुक्ला अर्धा तास' एवढंच वाचून गेलेल्याला हे तिथं गेल्यावर कळतं.

विमान वळवलं गेलं तर लगेच स्वतःची टॅक्सी करून निघू नका. आधी कंपनीच्या माणसाला विचारा: हेच विमान पुन्हा उडणार आहे का? बस देणार आहात का? बहुतेकदा बस येते, उशिरा येते, पण येते. युरोपीय संघात तर २००४ च्या प्रवासी हक्क नियमात लिहिलेलंच आहे की त्याच शहराच्या किंवा प्रदेशाच्या दुसऱ्या विमानतळावर कंपनीने नेलं, तर मूळ विमानतळापर्यंत किंवा तुमच्याशी ठरलेल्या जवळच्या ठिकाणापर्यंत पोहोचवण्याचा खर्च तिचा. दुसऱ्या देशांत नियम वेगळे, म्हणून विचारायचं. स्वतःच गेलात तर पावती जपून ठेवा आणि "बस देत नाही, तुम्ही जा" हे कंपनीच्या माणसाकडून शक्यतो मेसेजवर घ्या. ठरवून ठेवलेल्या टॅक्सीवाल्यालाही कळवा. तो बिचारा मूळ विमानतळावर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असतो.

अशा मार्गावर परतीचं विमान आणि पुढचं मोठं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर, एकाच दिवशी ठेवू नका. मध्ये एक रात्र ठेवा. एकाच तिकिटावर असेल तर पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीची, वेगळ्या तिकिटांवर तुमची.

८. बॅग आली नाही तर

पट्टा थांबला आणि तुमची बॅग नाही, तर इमारतीतून बाहेर पडू नका. तिथंच कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून द्या आणि तिचा क्रमांक घ्या. छोट्या ठिकाणी हा काउंटर म्हणजे बऱ्याचदा चेक-इनला बसलेली तीच व्यक्ती असते आणि ती पुढच्या विमानाच्या कामाला लागते किंवा घरी जाते, म्हणून घाई करा. बस सुटेल या भीतीने तक्रार न लिहिता निघालात, तर पुढे भांडणं अवघड होतं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल तर मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची, ती हातात आल्यापासून, २१ दिवसांत करावी लागते. तक्रारीत पत्ता लिहिताना, पुढचे दोन-तीन दिवस तुम्ही जिथं असाल तो लिहा. छोट्या विमानतळावर दिवसाला एखादंच विमान येतं, त्यामुळे बॅग उद्या किंवा परवा येणार. तोवर तुम्ही पुढच्या गावी गेलेले असता आणि बॅग पहिल्या हॉटेलच्या काउंटरमागे पडून राहते.